बेगमीचा बाजार आणि जुन्या पिकांची जत्रा

मा. संपादक,


संक्रांतीपासून महिनाभर झहीराबादच्या आसपासच्या खेड्यांतून बियाण्यांनी भरलेल्या बैलगाड्या फिरतात. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघमांनी पंचवीसएक वर्षे चालवलेली ही ‘पात पंटल जातर’, म्हणजे जुन्या पिकांची जत्रा, यंदा मी पहिल्यांदा पाहिली. सजवलेल्या गाड्या, मातीच्या मडक्यांत राळे, कोद्रा, पिवळी ज्वारी, करडई, जवस, हुलगे, आणि पुढे ढोलाच्या तालावर नाचणाऱ्या बाया. त्यातल्या बहुतेक दलित कुटुंबांतल्या, कोरडवाहू तुकड्यावर राबणाऱ्या. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, आणि एकाच शेतात वीसवीस पिके.

राळ्याच्या मडक्यापाशी माझे पाय थांबले. माझे माहेर उदगीरचे. आजी राळ्याचा भात ताकाबरोबर वाढायची, आणि त्यानंतर हे दाणे मी हातात घेतले ते थेट आता. दुःख वाटले ते याचे, की झहीराबाद हैदराबादच्या आमच्या बेगम बाजारापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे, मुंबईच्या हमरस्त्यावर. तरी इतक्या वर्षांत तिथल्या बायांच्या धान्याचे नाव मी इथल्या एकाही पोत्यावर वाचलेले नाही.

वडील उदगीरच्या मोंढ्यात मुनीम होते, त्यामुळे असे का होते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आडतीवर मालाचा भाव ठरतो तो दाण्याचा आकार, रंग, ओल आणि कचरा पाहून. शेतात फवारणी झाली की नाही, हे दाण्याकडे बघून कळत नाही. म्हणून बिनविषारी ज्वारीही त्याच ढिगात पडते आणि तिथे तिची ओळख पुसली जाते. ही ओळख जपण्याचे काम आज पाकीटबंद माल विकणारे करतात आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. परिणामी सेंद्रिय अन्न मॉलमधल्या अर्ध्या किलोच्या पुड्यात बंद झाले आहे. बेगम बाजारातून पोते उचलणारी खानावळ, गल्लीतला किराणावाला, महिन्याचा हिशेब बसवून डाळ घेणारी बाई यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. मला हे अन्यायाचे वाटते. सेंद्रिय महोत्सव कितीही भरले, तरी ढीग जोवर एकच आहे तोवर हे बदलणार नाही.

व्यापाऱ्यांशी बोलले की प्रमाणपत्राची अडचण पुढे येते. ती खरी आहे, पण अर्धीच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७च्या नियमांनुसार वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक किंवा अशा उत्पादकांचा गट आपला सेंद्रिय माल प्रमाणपत्राशिवाय थेट खाणाऱ्याला विकू शकतो. मध्ये दुकानदार आला की प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून हमी देण्याची पीजीएस ही कमी खर्चाची पद्धत देशात चालू आहे. दुसरी तक्रार किडीची. औषध न मारलेल्या धान्याला सोंडे लागतात, हे खरेच. पण आपल्या आयांनी कडुनिंबाचा पाला घालून आणि डाळीला एरंडेल चोळून वर्ष काढले, आणि झहीराबादच्या या बाया आजही राख आणि पाला घालून बियाणे टिकवतात. शिवाय वर्षभर गोदामात पडून राहण्याऐवजी माल हंगामात आला आणि हंगामात उठला तर ही भीती बरीचशी उरत नाही.

एक आक्षेप मात्र माझा स्वतःचाच आहे. जत्रेतल्या एका बाईने सांगितले, की आधी घरची कणगी भरते, मग बियाणे, आणि त्यातून उरले तर बाजार. हा क्रम मोडता कामा नये. शहराला हौस आली म्हणून राळे त्यांच्या ताटातून उठून आमच्याकडे येणार असतील, तर ते नकोत. मी मागते आहे ती फक्त उरलेल्या धान्याला त्याच्या नावानिशी जागा.

जागा आणि वेळ दोन्ही हाताशी आहेत. दरवर्षी १ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत नामपल्लीला नुमाइश भरते, म्हणजे जत्रेच्याच दिवसांत आणि बेगम बाजारापासून हाकेच्या अंतरावर. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ती पब्लिक गार्डनमध्ये सुरू केली तेव्हा तिचे नाव होते ‘नुमाइश मसनुआत-ए-मुल्की’, आपल्या मुलखातल्या वस्तूंचे प्रदर्शन. या बायांच्या धान्याइतके मुलखातले दुसरे काय आहे? नुमाइशच्या आयोजकांनी संघमांना भाडे न घेता ओळीने गाळे द्यावेत. बेगम बाजारातल्या व्यापाऱ्यांनी त्या दीड महिन्यात आठवड्यातून एक दिवस, आडत न घेता, त्यांना आपल्या ओट्यावर वजनकाटा लावू द्यावा. आणि पुढे जे व्यापारी माल घेतील त्यांनी पोत्यावर गावाचे नाव लिहून ते पोते शेवटपर्यंत वेगळे ठेवावे. बेगम बाजाराची ही जमीन निजामाची बेगम हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिली असे सांगतात. बाईने दिलेल्या जागेवर बायांना आठवड्याचा एक दिवस मागणे फार नाही.

मराठीत वर्षाच्या साठवणीला आपण बेगमी म्हणतो, आणि इथली कितीतरी मराठी घरे अजून उन्हाळ्यात बेगम बाजारातूनच बेगमी भरतात. एप्रिलमध्ये आमच्या इमारतीतल्या नऊ घरांची खरेदी एकत्र होईल. ज्वारी, तूरडाळ आणि राळ्यांची यादी मी काढली आहे. गावाचे नाव लिहिलेले पोते वेगळे ठेवायला कोण तयार आहे, हे विचारत याच आठवड्यापासून मी दुकाने फिरणार आहे.

आपली,
एक वाचक, बेगम बाजार, हैदराबाद