आडवे, उभे आणि वाकडे



इंग्लंडात येऊन इतकी वर्षे झाली, पण इथल्या 'क्रिप्टिक' शब्दकोड्याच्या वाटेला आम्ही कधी गेलो नव्हतो. 'टाइम्स'मध्ये हे कोडे १ फेब्रुवारी १९३० पासून येते. १९४२ साली 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांच्या आत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्कला, शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायला बोलावणे आले. तेव्हा हे काम आपले नव्हे, अशी आमची खात्रीच होती!

गेल्या हिवाळ्यात मात्र आम्हा तीन-चार घरांचा रविवारचा चहा आणि कोडे असा बेत जमला. पहिला धडा असा, की क्लूच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात अक्षरांची कारागिरी. 'ब्रोकन' किंवा 'ड्रंक' दिसले की शेजारच्या शब्दाची अक्षरे विस्कटून पाहायची. वाक्याचा सरळ अर्थ असतो तो फसवायलाच.

एक जुना प्रसिद्ध क्लू म्हणजे नुसती अक्षरे: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर पाच अक्षरी. आम्ही इंजिनिअर मंडळी कागदावर आकडेमोड करत बसलो. आमची बारा वर्षांची धाकटी येता-जाता म्हणाली, "बाबा, एच टू ओ. वॉटर!" एचपासून ओपर्यंत! आमच्या पदव्या तिथेच पाण्यात गेल्या.

मग 'फ्लॉवर' आले. फूल नव्हे, जी 'फ्लो' होते ती, म्हणजे नदी! सगळे हसले. आमची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. नातीचे मराठी तोकडे, आजीचे इंग्रजी त्याहून तोकडे, त्यामुळे दोघींचे बोलणे "जेवलीस का?" आणि "हो" यापुढे जात नसे. आमचा अर्थ ऐकून कोपऱ्यातून आई म्हणाली, "त्यात काय नवल? आपल्याकडे फूलही वाहतात आणि नदीही वाहते."

आम्ही गप्पच झालो. धाकटी मात्र आजीशेजारी जाऊन बसली. "आजी, मराठीत क्लू कर ना!"

मराठीत अडचण अशी, की काना-मात्रा-वेलांटी आपल्या अक्षराला सोडत नाही. शब्द उलटा केला तरी 'दी' ती 'दी'च. आईने पाच मिनिटांत क्लू काढला: 'गरीब उलटा फिरला की वाहणारी (२ अक्षरे).'

"गरीबला दुसरा शब्द काय?"

"दीन."

"दीन... नदी!"

त्या दिवसापासून मराठीच्या गृहपाठाला नाके मुरडणारी ही मुलगी आजीला शब्दांचे अर्थ विचारू लागली. पंधरा दिवसांनी तिने स्वतःचा क्लू केला: 'निवडावा, पोटातला खावा (२).' निवडावाच्या पोटात 'वडा'! आईने तिला खरोखरच वडे करून घातले.

आई आता साताऱ्याला परतली आहे. दर रविवारी फोन येतो. पूर्वी आमची विचारपूस आधी होत असे, हल्ली फोन थेट धाकटीच्या हातात जातो. आमची त्याबद्दल काही तक्रार नाही.

आईचा ताजा क्लू तुमच्यासाठी: 'घाव घाली, तोच पंढरीला निघाला (४).' घरातल्या मुलांना बरोबर घेऊन बसा, आणि तुम्हाला सुचलेले क्लू आम्हाला जरूर पाठवा. उत्तर पुढच्या अंकात!