आधी खुराडं, मग पिल्लं

घरामागे चार हात मोकळी जागा असली की बहुतेक बायकांच्या मनात एकदा तरी येतंच : दोन-चार कोंबड्या पाळाव्यात का? ताजं अंडं मिळेल, भाजीची देठं वाया जाणार नाहीत, मुलांनाही गंमत. या सदराला आलेल्या पत्रांतही हा विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो, "पिल्लं कुठून घ्यावीत?"

मैत्रिणींनो, माझ्या मते हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न म्हणजे, रात्री त्या राहणार कुठे? आणि दुसरा, शेजारी काय म्हणतील?

आमची तळवली आता नव्या मुंबईत मोडते. १९७० साली सिडको आली, भातखाचरं गेली, चहूबाजूंनी इमारती उठल्या. पण गावठाणात अजूनही पहाटे कोंबडा आरवतो. इथल्या जुन्या बायका सांगतात, भाताचे पैसे घरधन्याच्या हातात जायचे, अंड्यांचे मात्र बाईच्या. त्यातून मुलीच्या वह्या यायच्या, माहेरी जायचं बसभाडं निघायचं, आणि त्याचा हिशेब कुणी विचारायचं नाही. शेती गेली तरी ही सवय राहिली. म्हणून कोंबडी मेली की नुसती कोंबडी मरत नाही, बाईच्या हातातला पैसा जातो.

आमच्या गल्लीत एका काकूंकडे अकरा कोंबड्या होत्या, बहुतेक तलंगा, नुकत्याच अंड्यावर आलेल्या. खुराडं जुन्या फळ्यांचं आणि दाराला खिळ्यात अडकवलेली सुतळी. एका पहाटे उघडून बघतात तर नऊ कोंबड्या माना फोडून टाकलेल्या. नेली एकही नव्हती. "एका रातीत सगल्या कोंबऱ्या गेल्या गो," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मुलीच्या शिवणक्लासची फी या अंड्यांवर चालली होती. तो क्लास पुढे तीन महिने बंद राहिला.

काकू मुंगसाला शिव्या देतात. पण मुंगूस हा दिवसाचा चोर, रात्री हिंडतं ते उदमांजर. आपल्याकडे जुन्या कौलांत, आंब्या-फणसांच्या झाडांवर ते आजही आहे, अगदी इमारतींच्या पोटमाळ्यांवरसुद्धा. बंद खुराड्यात शिरलं आणि कोंबड्यांची फडफड सुरू झाली की भुकेपुरतं मारून ते थांबत नाही. तेव्हा चोर कोण कधी येतो हे आधी समजून घ्या. दिवसा मुंगूस, मोकाट कुत्री, आणि लहान पिल्लांवर घार व कावळा. रात्री उदमांजर, बोका आणि घूस. साप दोन्ही वेळा येतो, पण त्याचं लक्ष अंड्यांवर आणि पिल्लांवर.

आता खुराडं कसं असावं ते सांगते. सहा कोंबड्यांना चार फूट लांब, तीन फूट रुंद एवढं पुरे. म्हणजे एकीला दोन चौरस फूट. जमिनीवर टेकवू नका. विटांच्या खांबांवर किंवा लोखंडी घोड्यावर दोन फूट उंच घ्या. पावसाळ्यात खालून ओल येत नाही आणि घुशीला पोखरायला जमीन मिळत नाही. जाळी घेताना दुकानदार षट्कोनी घरांची हलकी जाळी पुढे करील. ती दिवसाच्या कुंपणाला ठीक आहे, रात्रीच्या खुराड्याला नाही, कुत्रं ती दाताने फाडतं. अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी मागा. महाग पडते, पण काटकसर करायची ती जागा ही नव्हे. वरच्या बाजूला, छपराच्या खाली, वारा खेळायला वीतभर जाळी हवीच. चहूबाजूंनी पत्रा ठोकून बंद केलेल्या खुराड्यात मे महिन्यात कोंबड्या उकाड्यानेच दगावतात. दाराला कडी आणि त्या कडीत अडकवायला छोटं कुलूप किंवा जाड खिळा. सुतळी नको.

आत बसायला एक गोल दांडा, दर कोंबडीला वीतभर जागा धरून. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचं खोकं, चार-पाच जणींत एक पुरतं. त्यात वाळलेला पेंढा. अंडी सकाळी आणि दुपारी, दोनदा उचला. आत अंडी पडून राहिली नाहीत तर धामण तिकडे फिरकायचं कारण उरत नाही, आणि कोंबडीला अंडं फोडून खायची खोडही लागत नाही. दिवसा अंगणात सोडत असाल तर वरून मासे पकडायचं जुनं जाळं ताणून बांधा. आमच्या तळवली-घणसोलीकडे ते कुणाच्याही घरी पडलेलं असतं. घार त्यातून झेप घेत नाही.

आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मोजून डालायच्या. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेला ती आपणहून खुराड्याकडे वळते. त्या वेळी घरात कुकरची शिट्टी, मुलांचा अभ्यास, सगळं एकदमच असतं, हे मला ठाऊक आहे. मी दुपारच्या शाळेला जाते, परत येईपर्यंत सहा वाजतात. पण हे काम उद्यावर टाकता येत नाही, आणि मुलावर टाकलंत तर स्वतः एकदा कडी बघून या.

शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे कित्येक जणींना खरंच वाटत नाही, पण कोंबडी कोंबड्याशिवाय नियमित अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. कोंबडा नसला की पहाटेच्या आरवण्यावरून होणारी निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी वासाची. खाली भाताचं तूस पसरा, आठवड्यातून दोनदा ते हलवा, ओलं झालेलं काढून टाका. वास येतो तो ओलाव्याचा. शहरात महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि सोसायटी असेल तर तिथेही आधी विचारून घ्या. तक्रार झाल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.

मग पिल्लं. रस्त्यावर टोपलीत गुलाबी, हिरवी, मोरपंखी रंगवलेली पिल्लं घेऊन माणूस येतो आणि मुलं हट्ट धरतात. ती घेऊ नका. अंड्यांच्या जातीची पिल्लं जिथे निघतात, तिथे नर पिल्लांना किंमत नसते. तीच रंगवून स्वस्तात विकायला येतात. बहुतेक चार दिवसांत मरतात, वाचलं तर कोंबडा निघतो, आणि मरताना बघायचं ते मुलांनीच.

जात कोणती? गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते. कमी, पण ती चपळ असते, स्वतःचं चरून खाते आणि पिल्लं उत्तम सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या परसातल्याच जाती. ग्रामप्रिया अंड्यांना चांगली, वनराजा वजनाला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजाही आपल्याकडे पुष्कळ दिसते. कडकनाथचं कौतुक फार ऐकू येतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी, अंडी मात्र बेताचीच. २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथच्या नावावर कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, तेव्हा "पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच विकत घेतो" असं कुणी दारात येऊन म्हणालं तर चहा द्या आणि वाटेला लावा. खात्रीची पिल्लं हवी असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत आरे दूध वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, तिथेही विचारता येईल.

पावसाळ्यात पिल्लं आणू नयेत. ओल्या तुसात रक्ती हगवण धरते. दसरा-दिवाळीनंतर आणलीत तर पाऊस येईपर्यंत ती मोठी होतात. एका दिवसाचं पिल्लू घेण्यापेक्षा, पहिल्यांदाच पाळणारीने लसी झालेलं महिन्याभराचं पिल्लू घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीनपट पैसे जातील, पण रात्रीची जागरणं वाचतील.

दिवसाचीच आणलीत तर त्यांना आईची ऊब द्यावी लागते. मोठं खोकं, खाली तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर दाणे समजून ती तूसच खातात. वर पिवळा, जुन्या पद्धतीचा, साठ वॉटचा बल्ब. एलईडी चालणार नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब तारेने पक्का टांगा, तूस पेट घेतं. पहिल्या आठवड्यात आत पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे पांगून टिपत असतील तर तुम्ही झोपायला मोकळ्या. आणल्या आणल्या आधी गुळाचं पाणी, मग खाद्य. पाण्याच्या बशीत चार गोट्या टाका, पिल्लं बुडत नाहीत.

खाण्याचा हिशेब मात्र नीट मांडा. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. पाच कोंबड्यांना महिन्याला सोळा ते अठरा किलो. सगळं विकतचं घातलंत तर अंडं बाजारापेक्षा स्वस्त पडत नाही, उगीच कुणाच्या भरीस पडू नका. स्वस्त पडतं ते तांदळाची कणी, मक्याचा भरडा, उरलेला भात, पालेभाजीची देठं यांची जोड दिली तर. बिनमिठाचा सुकवलेला जवळा मूठभर घातला तर अंड्यांना बळ येतं, फार घातलात तर अंड्याला माशाचा वास येतो. अंड्याचं कवच पातळ होत असेल तर कालवांच्या शिंपल्या कुटून वाडग्यात ठेवा, लागेल तेवढं त्या स्वतः टिपतात. खारट पदार्थ, बुरशी आलेलं धान्य, हिरवट बटाट्याची सालं आणि कच्चा राजमा घालू नका.

लसीकडे बायका दुर्लक्ष करतात, त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की माना वाकड्या होतात, हिरवी हगवण लागते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो, महिन्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, दोन महिन्यांच्या आसपास देवी आणि राणीखेतची मोठी लस. नेमक्या तारखा पशुवैद्यांकडून लिहून घ्या. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी कोण फोडणार? उपाय एकच. गल्लीतल्या सगळ्यांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणावी आणि लस एकाच दिवशी टोचून घ्यावी. बचत गट असेल तर हे काम चुटकीसरशी होतं. काकूंनी यंदा आमच्या गटातूनच पुन्हा आठ पिल्लं घेतली आहेत. त्यांच्या खुराड्याला आता वेल्डमेश आहे.

बर्ड फ्लूबद्दलही पत्रं येतात. भारतात तो पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. आपल्या जवळ म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला, आणि तिथे परसातल्याच कोंबड्या होत्या. आमच्या बाजूला ठाण्याची खाडी, थंडीत दूरदेशीचे पाणपक्षी येतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपण दाणापाणी छपराखाली ठेवावं, कावळे-बगळे त्यात चोच घालणार नाहीत असं बघावं. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात किंवा खाडीत टाकू नका, शिजवू तर नकाच. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एरवीही खुराडं झाडताना नाकाला फडकं बांधावं, हात साबणाने धुवावेत, आणि मुलांना पिल्लाची पापी घेऊ देऊ नये.

एक अवघड गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा. दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होतात, पुढे बंद पडतात. तेव्हा त्या कोंबडीचं काय? गटारीला कापायची, विकायची, की म्हातारी होईपर्यंत पोसायची? जे काही ठरेल ते पिल्लं आणण्याआधी मुलांनाही सांगा. नावं ठेवून वाढवलेली कोंबडी आषाढात एकाएकी पातेल्यात दिसली की मूल ते वर्षानुवर्षं विसरत नाही. शाळेत निबंध तपासताना असे दोन-तीन मी वाचले आहेत.

राहता राहिला मे महिन्यात माहेरी जाण्याचा प्रश्न. शेजारणीला आधी सांगा. सकाळ-संध्याकाळ पाणी, मोजून दाणे, दिवेलागणीला कडी. खाद्याचा डबा तिच्याकडे भरून ठेवा, पशुवैद्यांचा फोन नंबर खुराड्याच्या दारावर चिकटवा, आणि तेवढ्या दिवसांतली सगळी अंडी तिची.