चकलीचे प्रतिज्ञापत्र

डोंबिवलीत चकली विकणे हे निवडणूक लढवण्यापेक्षा अवघड काम आहे, असे माझे ठाम मत आहे. आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच! पण बघा. आमच्या शेजारच्या वहिनी घरच्या घरी भाजणीच्या चकल्या करून विकतात. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे त्यांना नोंदणी करावी लागली. फोटो द्या, ओळखपत्र द्या, जागेचा पत्ता द्या आणि जो चौदा आकडी क्रमांक मिळेल तो पाकिटावर छापा. चकली मोडली तरी चालेल, क्रमांक मोडता कामा नये! माझी त्याला हरकत नाही. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू. ती कुणी केली, कुठे केली हे कळायलाच हवे.

माझा सवाल एवढाच, की लोकांच्या डोक्यावर बसणाऱ्या वस्तूचे काय?

तिचेही प्रतिज्ञापत्र असते, बरे का! सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली बजावले, म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठूनही विधानसभेला उभा राहणारा उमेदवार ‘नमुना २६’ भरतो. गुन्हे, शिक्षण, सोनेनाणे, जमीनजुमला, कर्ज, सगळे त्यात असते. मोठे वाचनीय साहित्य! पण निवडणूक अधिकारी त्यात काय बघतो? रकाना रिकामा आहे का, ते बघतो. सांगूनही भरला नाही तर अर्ज बाद. भरला असेल तर खुशाल. खरे भरले की खोटे, हे छाननीत बसत नाही. ‘अहो, हे खोटे आहे’ म्हणून तुम्ही आपले प्रतिज्ञापत्र घेऊन गेलात, तर तेही शेजारी लावतात. वधूवरांच्या पत्रिकाच जणू! गुण जुळतात का ते मतदारांनी पाहायचे.

खोटे लिहिल्यास शिक्षा आहे. कलम १२५-अ, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फक्त त्यासाठी बहुधा तक्रारदारानेच सकाळची फास्ट लोकल सोडून कोर्टाची पायरी चढायची. निवडणूकच रद्द करून हवी असेल तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. ४५ दिवसांत आमच्या सोसायटीत गळक्या टाकीचा ठराव होत नाही हो!

कागद घेतला पण पारखला नाही, की काय होते हे डोंबिवलीकरांना कुणी सांगायला नको. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून इथल्या ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली. नोंदणी पाहूनच घर घ्या, असे सगळे शहाणे सांगत होते. लोकांनी तसे घर घेतले. नोंदणी खरी, तिच्या पोटातली परवानगी खोटी! नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत माणसे राहत होती, कर्जाचे हप्ते फेडत होती.

तपासायला वेळ कुठे असतो, असे यावर उत्तर मिळते. कबूल. छाननी ते मतदान दिवस थोडेच. पण सातबारा सरकारचा, पोलीस ठाणे सरकारचे. विचारायचे ते आपल्याच घरात. सगळ्या उमेदवारांचे नको, निवडून आलेल्या २८८ जणांचेच कागद निकालानंतर सहा महिन्यांत तपासा. दहावीच्या परीक्षकापुढे पेपरांचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडतात, आणि तो बिचारा ते मुदतीत तपासून देतोच की!