भंगारातलं सोनं जातं कुठे?



'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम आपण दरवर्षी घेतो. जुन्या सर्किट बोर्डांच्या फोटोफ्रेम होतात, प्रदर्शन भरतं, कौतुक होतं. पण ई-कचरा खरंच शिकवायचा असेल, तर माझ्या मते मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे : हे पुढे जातं कुठे?

जुन्या दागिन्यांची मोड सोनाराकडे जाते, हे मुलांना ठाऊक असतं. सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आजी-आजोबांनी पाहिलेले असतात. मोबाइलच्या बोर्डातही सोनं, चांदी, पॅलेडियम असतं. खाणीतल्या एक टन दगडातून सहसा काही ग्रॅम सोनं निघतं. एक टन बोर्डांतून त्याच्या कितीतरी पट. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे ५,००० पदकांसाठी जपानने लोकांकडून जुनी उपकरणं गोळा केली, त्यांतून ३२ किलो सोनं मिळालं!

म्हणूनच या भंगाराचा व्यापार जगभर चालतो. बोर्ड एका देशात सुटे होतात आणि दुसऱ्या देशात वितळवले जातात, कारण ते नीट वितळवणाऱ्या मोठ्या भट्ट्या मोजक्याच आहेत. बेल्जियममधल्या होबोकेनची भट्टी त्यांपैकी एक. दुसरी वाट दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणांतून जाते. तिथे बोर्ड हातांनी फोडणं, जाळणं, आम्लात बुडवणं हे वर्षानुवर्षं चालत आलंय. सोनं दोन्हीकडे निघतं. फरक आहे तो माणसांच्या फुप्फुसांत.

होबोकेनचं सगळं छान आहे, असंही नाही. २०२० मध्ये तिथल्या शेजारच्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं, आणि कंपनीला जवळची घरं विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली. पण तिथे मुलांचं रक्त नियमित तपासतात, म्हणून ते कळलं. आपल्या गल्लीबोळात तपासणार कोण?

काहीजण म्हणतील, "आपलं सोनं बाहेर का जाऊ द्यायचं?" रास्त आहे. पण ते इथे काढायचं तर नीट भट्टीत, नीट देखरेखीखाली काढूया. १ जानेवारी २०२५ पासून बाझल करारानुसार कोणताही ई-कचरा परदेशी पाठवण्याआधी त्या देशाची संमती लागते. नियम आहेत, प्रश्न विचारणारे कमी आहेत.

तर एवढं करूया. मुलांना घरातले बंद मोबाइल मोजायला सांगा, फोडायला मुळीच नको. शाळेने ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्वापरकर्त्यालाच द्यावेत आणि पावती वर्गात लावावी. त्याला पत्र मुलांनीच लिहावं : "आमचे बोर्ड तुम्ही पुढे कुठे पाठवता?"

उत्तर आलं तर भूगोलाचा धडा होईल. नाही आलं, तर नागरिकशास्त्राचा.