मामांच्या बुलेटचे दुसरे लग्न

आमचे मामा बारामतीला आणि आई इंदापूरला. मधले अंतर पन्नासएक किलोमीटरचे. दर भाऊबीजेला मामा ते आपल्या बुलेटवरूनच कापतात. एस. टी. आहे, भाच्यांच्या मोटारी आहेत. पण गल्लीच्या तोंडाशी तो धडधडाट ऐकल्याखेरीज आई निरांजन लावीत नाही.

गेल्या गुढीपाडव्यानंतर ते इंजिन खोलावे लागले. गाडी १९७२ सालची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली, त्या वेळच्या जुन्या घडणीची. बिडाचा ब्लॉक, उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. पिस्टन झिजलेला निघाला, त्याचे कोणाला नवल वाटले नाही. पण चेंबरला चीर होती, आणि तीही नेमकी बेअरिंगच्या घराला.

क्रँक ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीत फिरतो, तिला गॅरेजात चेंबर म्हणतात. बुलेटची ही पेटी उभी दुभंगलेली असते. दोन अर्धे समोरासमोर आणून बोल्टांनी आवळायचे, आणि क्रँकने एक हात याच्या, दुसरा त्याच्या खांद्यावर ठेवून फिरायचे.

"काका, एकच बाजू गेलीय. दुसरी बघा, म्हंजी झालं," मिस्त्री म्हणाला. इंजिनाचा नंबर शाबूत अर्ध्यावर होता. म्हणजे कागदपत्रांनाही धक्का नाही. मामींना हे स्थळ पसंत पडले. मामांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचे एक अर्धे पैदा केले. दोन अर्धी समोरासमोर धरली, तर भोकाला भोक मिळाले. छत्तीस गुण जुळले!

आमच्या चिरंजीवांना मात्र शंका होती. त्यांची गाडीही त्याच घराण्याची, २०१२ सालची. माप तेच: बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, ३४६ सी. सी. "माझ्या गाडीचा आकडा हाच आहे, पण तिचा एक बोल्ट तरी याला बसेल का?" हे खरेच आहे. नव्या इंजिनात गिअरबॉक्स पेटीतच सामावलेला, जुन्यात तो वेगळा. आकडा एक, पण घर निराळे. मामा म्हणाले, "हे तर दोन्ही जुन्यातलेच आहेत ना!" वाद संपला.

बांधताना एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. बोल्ट आवळले की क्रँक जड फिरे. सैल केले की मोकळा होई. "नवं हाय, पळाली की सुटंल," मिस्त्रीने निकाल दिला. आम्हा सर्वांना तो निकाल हवाच होता, म्हणून तो पटला.

श्रावणात मामा निघाले. काटेवाडी गेली, भवानीनगरचा साखर कारखाना गेला. पुढे बेलवाडी. तुकोबारायांच्या पालखीचे घोडे जिथे रिंगण धरतात, तिथे मामांचा घोडा बसला तो उठेना. बेअरिंग तापून क्रँक जाम झाला होता. बुलेट टेंपोत घालून परत आणली.

उलगडा केला तो वालचंदनगरकडच्या एका वयस्क टर्नरने. (शेठ वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावात पुढे अग्निबाणांची कवचे घडली, तिकडच्या माणसाला केसाच्या जाडीचा फरक म्हणजे खिंडार वाटते.) त्याने सांगितले, की कारखान्यात दोन्ही अर्धी आधी एकत्र आवळतात आणि मग एका रेषेत बेअरिंगची घरे कातून काढतात. त्यामुळे प्रत्येक अर्ध्याची रेषा आपल्या जोडीदारापुरतीच बरोबर असते. परक्या अर्ध्याची भोके मिळतील. पण घर इंचाच्या दोनतीन हजारांश भागांनी जरी सरकले, तरी क्रँक वाकड्या मानेने फिरणार.

मग दोन्ही अर्धी, जोडीची जोडी, बदलावी का? त्यात धोका नव्हता. पण नंबर बदलला असता, एम. एच. ४२च्या कचेरीत जाऊन आर. सी. पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागली असती. मामा खेटे घालायला भिणारे नव्हेत. ते एवढेच म्हणाले, "मग ताईकडे कोणाची गाडी घेऊन जायची?" मामीसुद्धा त्यावर काही बोलल्या नाहीत.

शेवटी टर्नरने मूळचे चिरलेले अर्धेच मागून घेतले. इतक्या वर्षांचे तेल प्यालेले ॲल्युमिनियम. ते धुऊन, तापवून, पुन्हा धुऊन त्याने चीर वेल्डिंगने भरली. मग ते जुन्या जोडीदाराशी आवळले आणि त्याच्या रेषेवरून घर नव्याने कातले. या कामाला तीन आठवडे लागले. बाजारातल्या अर्ध्याला जेवढे पैसे पडले होते, त्याच्या चौपट मजुरी झाली. या वेळी मात्र बोल्ट पुरते आवळल्यावरही क्रँक एका बोटाने फिरला. मामांनी तो उगाचच दहा वेळा फिरवून पाहिला.

भाऊबीजेला निमगाव केतकी मागे टाकून मामा दुपारी इंदापूरला पोचले. आई दारातच उभी होती. गाडी बंद होईपर्यंत तिने कान देऊन ऐकले.

"आवाज जरा बदललाय रे."

"पिस्टन नवा आहे, ताई," मामा म्हणाले. "बाकी सगळं तेच."

मग तिने निरांजन लावले.