निळा पंप आणि रात्रीचे दोन

नोव्हेंबरमधली रात्र, दोन वाजलेले. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी पलंगाच्या कडेला वाकून बसलेय, छातीत सूं-सूं चालू. निळा पंप चार वेळा मारून झाला, फरक शून्य. रूममेटने रिक्षा आणली आणि आम्ही थेट कॅज्युअल्टीत. नेब्युलायझर, ऑक्सिजन, हाताला सुई. सकाळपर्यंत मी ठणठणीत! पण काउंटरवर सांगितलं, "मॅडम, क्लेम हवा तर २४ तास पूर्ण करा." म्हणून मग दिवसभर बेडवर बसून मेल्सना उत्तरं दिली. बिल २३ हजार. कंपनीच्या मेडिक्लेमने निमूटपणे भरलं.

आता गंमत बघा. महिनाभर आधी नीट डॉक्टरांकडे गेले असते तर तपासणी आणि औषध मिळून हजाराच्या आत भागलं असतं. पण ते आमच्या पॉलिसीत बसत नाही. ओपीडी आपल्या खिशातून!

मग गेले का नाही? अहो, कधी जाणार? कॉलनीतला दवाखाना संध्याकाळी सहा ते साडेआठ, आणि मी लोकलमधून उतरते नऊला. लहानपणी डोंबिवलीत फॅमिली डॉक्टर होते, त्यांना माझ्या खोकल्याचा आवाज ओळखू यायचा. इथे मला ओळखतो तो फक्त केमिस्ट. "निळाच ना?" म्हणत पुडी पुढे सरकवतो. दीड वर्ष आमचं असंच छान चाललं होतं.

डिस्चार्जनंतर शनिवारी हाफ-डे टाकून एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "निळा किती दिवस पुरतो?" मी अभिमानाने म्हटलं, "दीड महिना!" त्यांनी पेन खाली ठेवलं. एका पंपात २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त लागले तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, आणि बारा लागले तर जिवाचा. माझे आठ होत होते.

"निळा श्वासनळीभोवतीचे स्नायू सैल करतो, चार-सहा तास. आतली सूज तशीच राहते," त्या म्हणाल्या. "सुजेचं औषध वेगळं असतं, तू ते कधी घेतलंच नाहीस." दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जीना'ने २०१९ मध्येच सांगून टाकलंय, की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्यावर ठेवू नका. आणि ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी झाली, तिचा अहवाल २०१४ चा. नेहमीचे उपचार नीट झाले असते तर त्यातले जवळजवळ निम्मे टळू शकले असते. तिथे तर डॉक्टर फुकट आहे, बॉस!

स्टेरॉइड म्हटल्यावर आईचा फोनवर आरडाओरडा झालाच. "सवय लागेल गं!" तिला समजावलं, की पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. अटॅकनंतर पाच दिवस ज्या गोळ्या गिळल्या त्या मिलिग्रॅममध्ये, म्हणजे एककच हजारपट मोठं. पंप टाळून मी स्टेरॉइड जास्तच खाल्लं की! आईला पटलं असं नाही, पण ती गप्प बसली.

मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू केला तेव्हा वेळ रात्री दहापर्यंत ठेवली होती. ही खरी कामाची गोष्ट. आपल्यासारख्यांना नवीन चकचकीत हॉस्पिटल नकोय, नऊनंतर उघडा असलेला एक दवाखाना हवाय, जिथे तोच डॉक्टर पुन्हा भेटेल.

मी एचआरला मेल टाकलाय, पॉलिसीत ओपीडी घ्या म्हणून. उत्तर आलं, "रिन्यूअलच्या वेळी बघू." तोवर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावलाय: रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर काय, आणि कधी सरळ रिक्षा पकडायची. रिक्षावाली ओळ रूममेटने लाल पेनाने अधोरेखित केलीय. पुढची अपॉइंटमेंट पंधरा तारखेला, संध्याकाळी सातला. त्या दिवशी साडेपाचला मीटिंगमधून उठणार आहे. बॉसला अजून सांगितलेलं नाही.