धास्तीने जुळलेली सोयरीक

जुलै १८९१. फ्रेंच युद्धनौका रशियाच्या क्रोनश्टाट बंदरात पाहुण्या म्हणून आल्या. 'मार्सेयेज' या फ्रेंच राष्ट्रगीताचे सूर सुरू झाले आणि झार तिसरा अलेक्झांडर टोपी काढून उभा राहिला. राजसत्ता उलथवणाऱ्या क्रांतीच्या या गीताला रशियात बंदी होती!

झार आणि फ्रेंच प्रजासत्ताक यांना एकत्र आणले ते जर्मनीच्या धास्तीने. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली १८८२ मध्येच एकत्र आले होते. १८९० मध्ये जर्मनीने रशियाबरोबरच्या गुप्त कराराची मुदत वाढवली नाही. रशियाला फ्रेंच कर्ज हवे होते, फ्रान्सला जर्मनीच्या पिछाडीला दुसरी आघाडी. १८९४ मध्ये या दोघांचा गुप्त करार पक्का झाला. गरज पडल्यास फ्रान्स जर्मनीविरुद्ध १३ लाख सैनिक उतरवणार होता, रशिया सात ते आठ लाख.

स्वसंरक्षणासाठी मित्र जोडण्यात वावगे काहीच नाही. घात केला तो गुप्ततेने आणि शत्रूने सैन्य जमवताच आपणही जमवायचे, या अटीने. २८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियावर युद्ध पुकारले. आठवडाभरात जर्मनी, रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन त्यात ओढले गेले. पुढे याच महायुद्धात, आजच्या इराकमधील कुट-अल-अमाराच्या वेढ्यात ब्रिटिशांच्या फौजेतील मराठा पलटणींचे जवानही उपाशी लढले.

म्हणूनच लष्करी करारांची कलमे सरकारांनी सहीआधी संसदेपुढे ठेवलीच पाहिजेत.